ब्रेकवर पाय कोणाचा होता

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर चहाबरोबर वाचतोय — करमणूक म्हणून. कुणाला आडरस्त्याला बाई दिसते, कुणाच्या मागे हॉस्टेलच्या जिन्यात पावलं वाजतात... मी खाली कमेंट टाकायचो, “झोप पूर्ण घेत चला.” काही मंडळी अजून माझ्यावर रागावून असतील. आज त्यांना माझी खेचायची पूर्ण मुभा आहे.

मी एका औषध कंपनीत क्वालिटी बघतो. एखादी गोष्ट का बिघडली याचं कारण सापडेपर्यंत विषय सोडायचा नाही, ही आमची नोकरी आणि घरी बायकोच्या मते माझा आजार. भूत, छाया, संकेत यातलं मी कधी काही मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही. जे झालं ते तसंच्या तसं लिहितो, पुढचं तुम्ही बघा.

आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. खोल्यांपुढे गॅलरी, खाली फरसबंद आवार. आवाराच्या एका बाजूला रस्ता आणि त्यावरून गेलेला पूल, दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून मिरची कांडपाची गिरणी. मार्च ते मे आख्ख्या मुंबईचा मसाला आमच्याकडे कुटला जातो असं वाटावं एवढी ती गिरणी धडधडते. त्या दिवसांत चाळीत कोणीही शिंकलं तरी कोणी वर बघत नाही.

आवारात भिंतीला लागून एक जुनी, चार गिअरची छोटी गाडी उभी असते. ती माझ्या आत्याची, कुसुमआत्याची. आत्या परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. वडील म्हणजे अप्पा, तिचे थोरले भाऊ, कापडगिरणीत होते. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही, आणि आत्या सगळ्या घराला गाडीतून फिरवायची. गाडी सेकंडहँड घेतली त्या वर्षीच एका गॅरेजवाल्याने “मॅडम, तुम्हाला नाही कळणार” असं म्हटलं. झालं. तिने पुस्तक आणलं, नट फिरवायचे पाने आणले आणि दर रविवारी गाऊनवर अप्पांचा जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरायला लागली. चाळीतल्या बायका आधी हसल्या, मग आपापले मिक्सर घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. पाना कसा धरायचा ते तिनेच मला शिकवलं.

आता ब्रेकबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. पेडल दाबलं की ते तेल चाकापाशी जोर लावतं आणि गाडी थांबते. दुरुस्तीसाठी नळी उघडली की आत हवा शिरते, आणि हवा शिरली की पेडल मऊ पडतं, पाव दाबल्यासारखं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागे बसून एक छोटा नट किंचित सैल करायचा. बुडबुड्यांसकट तेल पिचकारीसारखं बाहेर येतं. नट परत आवळेपर्यंत सीटवरच्या माणसाने पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेर गेलेली हवा परत आत, आणि सगळं मुसळ केरात.

चाकामागच्या माणसाला सीट दिसत नाही, आणि आमच्या आवारात त्या धडधडीत ऐकूही येत नाही. म्हणून आत्याने एक पद्धत काढली होती. ती कोपर खिडकीबाहेर काढून बसायची आणि बोटातल्या चांदीच्या अंगठीने दाराच्या पत्र्यावर वाजवायची. एकदा टक् म्हणजे पेडल दाबून धरलंय. दोनदा टकटक म्हणजे सोडलं. पत्र्यातून तो आवाज मागच्या चाकापर्यंत नीट यायचा. दारावर त्या जागी रंग उडून बारीक खळगे पडलेत. मी घाई करायला लागलो की म्हणायची, “मी पाय काढूचंय नाय, तू सावकाश बंद कर.”

सगळं झालं की ती गाडी सुरू करून भिंतीकडे न्यायची आणि भिंतीच्या हातभर अलीकडे कचकन थांबवायची. अप्पा गॅलरीतून बघायचे. हा त्यांचा ब्रेक पास झाल्याचा दाखला. त्याशिवाय ते गाडीत पाऊल टाकत नसत.

आत्या गेली ती दिवाळीच्या थोडं आधी. फार आजारी पडली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

त्यानंतर गाडी उभीच होती. उन्हाळा लागला तसं अप्पांनी गावाचं काढलं. आमचं गाव कणकवलीच्या बाजूला. अप्पांनी ऐंशी ओलांडलेली, कंबर गेलेली, त्यामुळे एसटी आणि रेल्वे दोन्ही बाद. भाड्याच्या एसी गाडीत काचा बंद केल्या की त्यांना उलटी होते. उरली आत्याची गाडी, जिच्या सगळ्या काचा उघड्या आणि पुढची डावी सीट अप्पांच्या पाठीला बरोबर बसलेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, न्यायचं असेल तर यंदा न्या. यंदा नाही तर त्यांना गावचं घर परत दिसणार नाही, हे अप्पांना आणि मला, दोघांनाही न बोलता कळत होतं.

मी म्हटलं, “अप्पा, गाडी मी करतो तयार. जाऊया मे महिन्यात.”

“गाडी कर. पण ब्रेक?” अप्पा म्हणाले.

“मीच करणार ना. एवढी वर्षं करतोय.”

“तू नट फिरवतंस. पाय तिचो असायचो.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कुसमाचो पाय लागल्याशिवाय त्या गाडयेत मी घाट उतरूचंय नाय.”

मी चिडलो, खोटं कशाला बोलू. ज्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवायचा, तो म्हणतोय तुझा ब्रेक मला नको. बायको म्हणजे मानसी म्हणाली, “तू कर रे सगळं. शेवटच्या दिवशी बसतील गपचूप.” पण अप्पा गपचूप बसणाऱ्यांतले नाहीत.

मी कामाला लागलो. कार्बोरेटर साफ केला, क्लचची केबल बदलली, बॅटरी नवीन टाकली. गाडी सुरू झाली तेव्हा मला आत्याची फार आठवण झाली, म्हणून जरा वेळ उगाच ती सुरू ठेवून बसलो. मागचे ब्रेक मात्र गळत होते. ऑपेरा हाउसजवळच्या दुकानातून पार्ट आणले, मागच्या दोन्ही चाकांना बसवले. उरलं हवा काढणं. त्यासाठी शिरीषला बोलावलं.

शिरीष माझा शाळेपासूनचा मित्र, डिलाईल रोडला राहतो. माणूस सोन्यासारखा, पण एका जागी बसवत नाही. रविवारी सकाळी आला, आत्याच्या सीटवर बसला, पाय मावेनात म्हणून सीट पार मागे ढकलली. मी त्याला शिकवलं — दाब म्हटलं की दाबायचं आणि ‘धरलं’ असं ओरडायचं, मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. आत्याची टकटक त्याला माहीत नव्हती. मी सांगितलीही नाही. ती आमची पद्धत होती, दुसऱ्या कोणाला द्यावीशी वाटली नाही.

चारही चाकं झाली आणि पेडल जसंच्या तसं मऊ.

“तू मधेच पाय उचलत होतास,” मी म्हणालो.

“नाय रे, शपथ. एकदाच. नायतर दोनदा... गोळा आला रे पोटरीत.”

वर गॅलरीत अप्पा खुर्ची टाकून बसले होते. नुसतं बसून किती बोलता येतं ते त्यांच्याकडून शिकावं. मी शिरीषला म्हटलं, परत पहिल्यापासून. पहिलं म्हणजे मागचं डावं चाक, पेडलपासून सगळ्यात लांबचं. ते भिंतीच्या बाजूला आहे. गाडी आणि भिंत यांच्या फटीत मी कुशीवर आडवा झालो. तिथून सीट सोडा, गाडीचं दारही दिसत नाही. तेवढ्यात पलीकडे कांडप पुन्हा सुरू झालं.

“दाब,” मी ओरडलो.

टक्.

मी नट सैल केला. तेल जोरात आलं, बुडबुडेच बुडबुडे. मी सावकाश नट आवळला. “सोड.”

टकटक.

“दाब.”

टक्.

असं बराच वेळ चाललं होतं. किती वेळा ते मोजलं नाही, कारण मोजावं असं काही घडतंय हे मला कळलंच नव्हतं. हात वर्षानुवर्षांच्या सवयीने चालत होते. टक् आलं की पाना फिरत होता. उलट मला आठवतंय, मी मनात म्हणत होतो, शिरीष शिकला बरं का. कारण आता जोर एकसारखा होता. तेलाची धार मधेच तुटत नव्हती, नट पूर्ण आवळेपर्यंत पाय हलत नव्हता. शेवटी नळीतून नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं. मी थांबलो, तर न सांगता पुन्हा एकदा टक् आलं. आत्याचं असंच असायचं. मला पुरे वाटलं की तिला आणखी एकदा हवं असायचं. मी निमूटपणे नट सैल केला, आणि एक मोठा बुडबुडा बाहेर आला.

मग मी पाना पुसला, फटीतून सरपटत बाहेर आलो आणि म्हणालो, “मानलं तुला, शिरीष.”

सीट रिकामी होती. दार बंद, खिडकी उघडी.

मला वाटलं आत्ताच उतरला असेल. तेवढ्यात तो जिन्यावरून खाली आला, हातात माझा चहा. “अरे, झोपलास काय तिकडे? थंड झाला तुझा.”

“तू वर कधी गेलास?”

“कधी म्हणजे? वहिनीने हाक मारली चहाला. तू फटीत शिरत होतास, तुला बोललो ना, आलोच चहा मारून म्हणून. तू हात पण हलवलास.” हात मी हलवला असेल. बहुतेक नाकासमोरची मिरची उडवायला.

मी गाडीत बसलो. सीट पुढे सरकलेली होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. पेडलवर पाय ठेवला. वर आणि घट्ट. दगडासारखं.

आता मी आणि माझी नोकरी. शांतपणे एकेक कारण तपासलं. सीट पुढे सरकणं सोपं आहे — गाडी मागून जॅकवर चढवली होती, उतार पुढे, खटका जुना. सीट घसरली. टक् हा आवाज कांडपाचा असू शकतो? कांडप एका लयीत वाजतं, ते माझ्या ‘दाब’ची वाट बघत नाही. नट उघडल्यावर पेडल न दाबताही तेल येतं का? येतं, पण थेंब थेंब गळतं. पुढे गावाहून परतल्यावर मी एकट्याने करून पाहिलं, थेंबच आले. कोणी शेजारी गंमत करून गेला म्हणावं, तर आमच्या आवारात कोणी गंमत केली तर ती संध्याकाळपर्यंत स्वतःच सगळ्यांना सांगतो. शिरीषला मी आडून आडून विचारलं. तो खरंच वर पंख्याखाली बसून मोबाइल बघत होता, मानसी समोर होती. अंगठी कपाटात डबीत आहे. हो, मी उघडून बघितली. तुम्ही पण बघितली असती.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. मानसीलाही नाही. मुळात सांगणार काय?

त्या रात्री जेवताना अप्पा म्हणाले, “बुधवारी निघूया. ऊन चढाच्या आदी.”

“ब्रेक चालेल?” मी विचारलं.

“चलात,” एवढंच बोलले आणि सोलकढी मागितली. मी भिंतीपाशी गाडी थांबवून दाखवली नव्हती आणि त्यांनी मागितलंही नव्हतं.

बुधवारी सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी अप्पांनी बॉनेटपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कोणतंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी चप्पल काढून, गाडीची किल्ली हातात धरून उभा होतो. मनात पेट्रोलचा विचार.

“बा देवा म्हाराजा, आज हो माझो झील गाडी घेवन गावाक चललो आसा...”

“व्हय म्हाराजा.”

“वाटेत काय आडवा येवक दिव नको रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

अप्पांचा आवाज जरा खाली आला. देवाशी बोलायचा सूर नव्हता तो, घरातल्या माणसाशी बोलायचा होता. “आणि कुसमा गो... आयतवारी इलंस, ब्रेकार पाय दिलंस, ता मी बघलंय. आता घाट उतरापर्यंत पाय काढू नको.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणून गेलो, आणि मग काय ऐकलं ते डोक्यात शिरलं. रविवारी ती आली होती, आणि अप्पांनी बघितलं होतं.

पनवेल मागे पडेपर्यंत मी काही विचारलं नाही. मग विचारलं. मानसी मागच्या सीटवर झोपली होती.

“अप्पा, रविवारी काय बघितलंत तुम्ही?”

“हात.”

“कसला हात?”

“खिडकीतसून भायर. कोपरो. ती बसता तसो.” दुसऱ्या मजल्यावरून गाडीचं फक्त छप्पर आणि खिडकीबाहेर काढलेलं कोपर दिसतं, हे मला माहीत आहे. अप्पांना मोतीबिंदू आहे, हेही माहीत आहे. मी तसं बोललोसुद्धा. अप्पा म्हणाले, “हां, दिसणा कमी आसा माका. म्हणान काय भयणीचो हात वळखूचंय नाय?”

मला रडू येत होतं आणि पुढे ट्रक होता.

घाटात ब्रेक उत्तम लागले. यात अमानवीय काही नाही, तेलात हवा नसली की ब्रेक लागतातच. अप्पा सगळा घाट डोळे मिटून आरामात बसले होते. गावी पोचल्यावर घराचं कुलूप त्यांनी स्वतः उघडलं, घरापुढच्या खळ्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, “बरी चलवलंस.” एवढं कौतुक मला दहावीला पण मिळालं नव्हतं.

याला दोन वर्षं झाली. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी बदलावं लागतं, म्हणून यंदा पुन्हा तेच काम काढलं. अप्पा आहेत, आता फारसे उठत नाहीत, पण गॅलरीतली खुर्ची त्यांचीच. शिरीष नेहमीप्रमाणे उशिरा. मी सगळी तयारी करून बसलो होतो. मग काय वाटलं कोण जाणे... उठलो, सीट पुढे सरकवली, खिडकीची काच खाली केली आणि भिंतीच्या फटीत जाऊन आडवा झालो. प्रयोग म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

“दाब,” मी म्हणालो. ओरडलो नाही, साधंच म्हणालो.

कांडप चालू होतं. मी पाना नटावर धरून थांबलो. पुन्हा म्हणालो, “दाब.” काही नाही. नट सैल केला, तेल थेंब थेंब गळायला लागलं, जसं गळायला हवं तसं. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, फार वाईट वाटलं, आत्या गेली त्या दिवशीपेक्षाही जास्त.

बाहेर येऊन कपडे झटकत होतो. वरून अप्पांनी विचारलं, “इली?”

“नाही आली, अप्पा.”

अप्पा म्हणाले, “मगे शिरीषाक फोन कर.”

शिरीष आला, बसला, पेडल दाबलं. या वेळी पाय नीट धरतो, सुधारलाय. पण माझंच काहीतरी झालंय. तो ‘धरलं’ म्हणतो तरी माझा हात पाना फिरवत नाही. तो खिडकीतून डोकं काढून विचारतो, “अरे, धरलंय कधीचं. कसली वाट बघतोयस?” याचं उत्तर त्याला देता येत नाही. त्या रविवारचं कारणही मला आजपर्यंत सापडलेलं नाही, आणि हा एकच विषय असा आहे की तो बंद करायची मला घाई नाही.